आपल्याच अक्षरातला साक्षीदार

दर जानेवारीत आपल्याकडं डायऱ्यांचा सुकाळ असतो. साखर कारखान्याची एक, पतसंस्थेची एक, खत-औषधांच्या दुकानाची एक. पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो, मग संचालकांचे फोन नंबर, मग सुट्ट्यांची यादी आणि पुढं वर्षभराची कोरी पानं. सांगली-साताऱ्याच्या घरांत यातली बहुतेक पानं वाणसामानाच्या यादीला आणि पोरांच्या भागाकाराला जातात. याच महिन्यात, रोजनिशी लिहावी की लिहू नये, हा वादही न चुकता निघतो: वाचनालयाच्या कट्ट्यावर, स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांच्या भाषणात, मोबाइलच्या ग्रुपवर. यंदा त्यात 'शाळांमधून सक्तीच करा' अशीही मागणी ऐकली. विषय चांगला आहे, पण दोन्ही बाजू तो फार ढिसाळपणे मांडतात.

एका बाजूला व्याख्याते. एकवीस दिवस रोज लिहा, ताण जाईल, झोप लागेल, ध्येय सापडेल, यश आपोआप मागं येईल, असा त्यांचा सूर. शेवटी समर्थांचं 'दिसामाजी काहीतरी' येतं आणि टाळ्या पडतात. सज्जनगडाच्या मुलखात या वचनापुढं कोण बोलणार? दुसऱ्या बाजूला व्यवहारी मंडळी. 'आपल्या आयुष्यात रोज असं काय घडतं? उठलो, कामावर गेलो, जेवलो, झोपलो. डायऱ्या लिहायच्या थोरामोठ्यांनी. आणि फोनमध्ये सगळं असतंच की.' एका बाजूला रोजनिशी म्हणजे औषधाची बाटली वाटते, दुसरीला ती चैन वाटते. हिशेब मात्र दोघांचाही एकच: आज रात्री लिहिलं तर उद्या सकाळी काय मिळणार?

माझं म्हणणं असं, की रोजनिशीचा मोठा फायदा लिहिताना पदरात पडत नाही. तो काही वर्षांनी मागची पानं उलटताना होतो, आणि तो सुखाचाच असेल असं नाही. आपली आठवण आपल्या सोयीनं बोलते. तिला तोंडावर खोटं पाडणारा एकच साक्षीदार सामान्य माणसाला परवडतो: त्या तारखेला, आपल्याच अक्षरात लिहिलेल्या चार ओळी. हे ज्याला पटतं त्यानं दहा वर्षं लिहावं. ज्याला एकवीस दिवसांत गुण हवा आहे त्यानं सकाळी फिरायला जावं, तिथं तो लवकर येतो.

विरोधकांचा पहिला मुद्दा आधीच मान्य करून टाकतो. लिहिल्यानं मन हलकं होतं याचा जेवढा गाजावाजा होतो, तेवढा त्याला पुरावा नाही. अमेरिकेत १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हा प्रयोग आता प्रत्येक भाषणात असतो. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले आणि २००६ साली जोआन फ्रॅटारोली यांनी त्यातल्या १४६ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. परिणाम निघाला, पण अगदी बारीक. हा भाग भाषणात नसतो. शिवाय हे प्रयोग बहुतेक तीन-चार बैठकांचे, त्यामुळं वर्षानुवर्षांच्या रोजनिशीबद्दल ते बाजूनंही काही सांगत नाहीत आणि विरुद्धही नाही. चार दिवसांच्या प्रयोगाच्या जोरावर जन्मभराची सवय कशी काय विकता येते?

यशाचं तर विचारूच नका. निदान सातारकरांना तरी हे सांगावं लागू नये. छत्रपती प्रतापसिंह महाराज रोजनिशी ठेवत. १८१८ साली इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं. कारभारात स्वतः लक्ष घालणारा, शाळा काढणारा हा राजा. १८३९ साली त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला थेट लंडनला गेले, वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, पण कुणी दाद दिली नाही. १८४७ साली महाराज काशीलाच वारले. नेमानं लिहिणाऱ्याची गादी गेली ती गेलीच. रोजनिशीला यशाची गुरुकिल्ली म्हणणाऱ्यांनी साताऱ्यात भाषणाला येताना एवढं वाचून यावं.

मग लिहायचं कशाला? आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून.

कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. पाटणपासून कराडपर्यंत सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. आपण कुठं झोपलो होतो, कुणी हाक मारली, फळीवरची भांडी कशी खाली आली, सगळं ठामपणे सांगतील. त्यातलं किती खरं असेल? ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' अवकाशयान हवेत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली हे लिहून घेतलं. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. साधारण पाव जणांचे मुख्य तपशील सगळेच्या सगळे चुकले, तरी खात्री दांडगी होती. मग त्यांना त्यांचं जुनं लिखाण दाखवलं. गंमत अशी की ते वाचूनही मूळ आठवण कुणाला परत आली नाही. अक्षर आपलं आहे हे दिसत होतं, पण डोक्यातलं चित्र हटायला तयार नव्हतं. म्हणजे कागद हातात असूनही मनाशी एवढी झटापट होते. कागदच नसेल तर मन म्हणेल तो इतिहास.

कायद्याला हे फार आधी उमगलं होतं. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १५९ प्रमाणं साक्षीदाराला आठवण ताजी करायला स्वतः लिहिलेला कागद बघता येतो. अट एवढीच, की तो घटना घडतानाच किंवा लगेच नंतर, आठवण ताजी असताना लिहिलेला हवा. आता नवा कायदा आला तरी ही तरतूद तशीच आहे. चार वर्षांनी बसून सोयीनं लिहिलेला कागद तिथं चालत नाही. बांधाच्या वादासाठी फेरफार आणि उतारे जपून ठेवणारे आपण, स्वतःच्या आयुष्याचा एवढाही दाखला ठेवत नाही, याचं कुणालाच कसं काही वाटत नाही?

सांगलीतलं एक उदाहरण देतो. माझ्या ओळखीचे एक कापड दुकानदार बरीच वर्षं रोज रात्री घरी गेल्यावर एका जाड चोपडीत दोन-चार ओळी लिहितात. दुकान हरभट रोडच्या बाजूला, म्हणजे कृष्णामाईनं मनावर घेतलं की पाणी पायरी चढणारच. २००५ च्या पुराची खूण त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं. १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल हीच सांगलीची मोजपट्टी: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गावात ज्याला विचारावं तो म्हणायचा, 'मला वाटलंच होतं.' आमचे दुकानदारही म्हणायचे, अगदी मनापासून म्हणायचे. पुढं कधीतरी चोपडी उघडली, तर त्यात त्यांच्याच अक्षरात: 'पाणी चढतंय. शेजारचे माल हलवतायत. उगाच घाबरतात. २००५ च्या खुणेवर जात नाही. खालचे दोन कप्पे रिकामे केले, बास.'

अंदाज चुकला यात नवल नव्हतं, तो कितीतरी जणांचा चुकला. नवल याचं की आपण असा अंदाज केला होता हेच ते पार विसरले होते, आणि त्या जागी 'मला माहीत होतं' असं एक नवं वाक्य येऊन बसलं होतं. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी हीच गोष्ट १९७५ साली मांडली. निक्सन १९७२ मध्ये चीनला जाण्याआधी त्यांनी लोकांकडून भाकितं घेतली होती. भेट पार पडल्यावर, तुम्ही काय म्हणाला होता, असं विचारलं, तेव्हा लोकांच्या आठवणी घडलेल्या गोष्टींकडं सरकलेल्या निघाल्या. विद्यापीठाच्या प्रयोगातही तेच, हरभट रोडवरही तेच. फरक इतकाच की दुकानदाराला स्वतःचं भाकीत स्वतःच्या अक्षरात सापडलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं तेव्हा त्यांनी आधी चोपडी काढली आणि मग टेम्पो बोलावला. पाणी किती येणार हे काही चोपडीत नव्हतं. 'मला वाटतं, येत नाही' या स्वतःच्या बोलण्याला किती वजन द्यायचं, ते मात्र तिच्यात होतं.

आता 'आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय असतं' या आक्षेपाकडं येतो. मला हा आक्षेप नम्र वाटतो आणि साफ उलटा वाटतो. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) म्हणून बसलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो मुख्यतः लढाया, तह आणि राजकारणाचा. आपल्या बखरींचीही तीच तऱ्हा. पुढं गणेश चिमणाजी वाड यांनी शाहू छत्रपती आणि पेशव्यांच्या रोजकीर्दींतून, म्हणजे दप्तरातल्या रोजच्या नोंदवह्यांतून, उतारे निवडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे खंड छापले गेले. या उताऱ्यांवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नेमकं हेच बोट दाखवलं: लोक कसे जगत होते हे बखरीत सापडत नाही, या रोजच्या नोंदींत सापडतं. कुणाला इनाम दिलं, कुठल्या गावाला दुष्काळात सूट दिली, कुणाला दंड केला, असल्या रुक्ष ओळी. लिहिणाऱ्या कारकुनाला तरी त्या मोलाच्या वाटल्या असतील का? पाँडिचेरीत फ्रेंचांचा दुभाषी असलेल्या आनंद रंग पिळ्ळेनं १७३६ पासून पंचवीस वर्षं तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. जहाज आलं, माल उतरला, गव्हर्नर काय म्हणाला, गावात कोण कुणावर जळतं. आज ती त्या काळाचं अस्सल साधन मानली जाते. 'रोज तेच तेच' हीच रोजनिशीची खरी दौलत आहे, कारण जे रोज घडतं ते लक्षात राहत नाही.

हे राज्यांच्या इतिहासाबाबत खरं असेल, घरच्या माणसाला काय त्याचं? तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराची वही मी पाहिली आहे. द्राक्षवाल्याला वही ठेवावीच लागते. छाटणी कधी झाली, डिपिंग (घड औषधात बुडवणं) कितव्या दिवशी, डाऊनीला (केवडा रोगाला) काय मारलं, भुरीला काय मारलं, पाऊस किती पडला. या मुलखात ऑक्टोबर छाटणीनंतर वर्ष तारखांनी मोजत नाहीत, 'आज कितवा दिवस?' असंच विचारतात. या गृहस्थांना फवारणीच्या नोंदीखाली घरातलंही एखादं वाक्य लिहायची सवय होती. 'पोरीला ताप.' 'मेव्हणे आले, पैसे मागितले.' 'हिच्याशी बोलणं बंद.' 'भावाशी वाटणीवरून वाजलं.' पुढं मुलगा शेतीत आला. कुठल्या वर्षी किती फवारण्या झाल्या ते काढायला त्यानं जुन्या वह्या घेतल्या, आणि त्याला फवारणीबरोबर दुसरंच काही दिसलं. वडिलांची सगळी मोठी भांडणं छाटणीनंतरच्या तिसाव्या आणि पन्नासाव्या दिवसांच्या मधली होती. एका वर्षी भाऊ, एका वर्षी बायको, एका वर्षी तो स्वतः. कारणं दर वर्षी वेगळी, दिवस तेच.

त्या वीस दिवसांत बाग फुलोऱ्याच्या आसपास असते. अवकाळी पाऊस आला, दोन दिवस ढग राहिले, की डाऊनी आणि घडकूज मिळून वर्षाचं पीक नेतात आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. माणूस रात्री टॉर्च घेऊन बागेत फिरतो. चिडचिड होणारच. पण तीस वर्षं या माणसाची समजूत होती की भावाचा स्वभाव वाईट आहे, बायको हट्टी आहे, पोरगं ऐकत नाही. घरात आता ठरून गेलंय की फुलोरा संपेपर्यंत वाटणी, लग्न, उधारी यातलं काही काढायचं नाही. एका वर्षाच्या वहीत हे दिसलं असतं का? दोन वर्षांच्या? म्हणून मी एकवीस दिवसांच्या गोष्टी ऐकल्या की हसतो. माणसाचा स्वतःचा हंगाम दिसायला बरेच हंगाम जावे लागतात.

फोनचा मुद्दा थोडक्यात. वही कागदाची असो की फोनमधली, माझं काही म्हणणं नाही. पण फोटो म्हणजे रोजनिशी नव्हे. फोटो आपण काढतो ते लग्नाचे, ट्रिपचे, नव्या गाडीचे. ज्या संध्याकाळी बँकेचं पत्र आलं त्या संध्याकाळचा फोटो कुणाकडं आहे? आणि उद्या काय होईल असं आपल्याला वाटत होतं, ते कुठल्याच फोटोत येत नाही.

'लिहिल्यानं दुःख उगाळलं जातं', हा आक्षेप याहून वजनदार आहे. तो खरा आहे. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं: खिन्न माणूस आपल्या खिन्नतेचाच विचार करत बसला की ती लांबते. मीही अशा वह्या पाहिल्या आहेत, ज्यांत पानोपान एकच जाऊ आणि एकच अपमान आहे. म्हणून भावना ओतण्याचा जो सल्ला दिला जातो तो मला धोक्याचा वाटतो. घडलं ते आधी लिहावं, वाटलं ते नंतर, आणि थोडक्यात. 'ती नेहमीच असं करते' हे वाक्य रोजनिशीत येऊच देऊ नये, कारण 'नेहमी' की नाही ते ठरवायलाच तर वही ठेवायची. तरीही ज्याला लिहून त्रासच वाढतो त्यानं वही मिटावी आणि डॉक्टर गाठावा. वहीला तो भार पेलत नाही.

शाळांमधल्या सक्तीबद्दल फार लिहीत नाही. गुरुजी तपासणार म्हटल्यावर पोरगं 'आज मी लवकर उठलो, आईला कामात मदत केली' हेच लिहिणार. आपल्याच वहीत स्वतःशी खोटं बोलायची सवय दहाव्या वर्षी लावायची असेल तर सक्तीसारखा उपाय नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडं अर्धंच उत्तर आहे. रोजनिशी लिहायला कुलपाचा कप्पा लागतो. तो किती जणांकडं असतो? दोन खोल्यांचं घर, एकच कपाट, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. अशा घरातल्या सुनेला 'मनातलं लिहीत जा' असं सांगणारा माणूस तिचं घर न पाहताच सल्ला देतो. सॅम्युअल पेपीसनं लंडनमध्ये १६६० ते १६६९ रोजनिशी लिहिली ती लघुलिपीत, म्हणून निर्धास्त लिहिली. आपल्याकडं मोडी होती, आता ती येणारे मोजकेच. व्याख्यात्यांच्या तोंडी या बाईचा प्रश्न कधी आलेला मी तरी ऐकला नाही.

पण अर्धं उत्तर आहे. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञानं सहा वर्षं रोज आपल्या आयुष्यातली एखाद-दुसरी घटना टिपून ठेवली, काय घडलं, कोण होतं, कुठं, कधी, आणि मग त्यातला एकेक धागा घेऊन स्वतःचीच परीक्षा घेतली. घटना होत्या २४०० च्या आसपास. काय घडलं एवढं सांगितलं की बाकीचं पुष्कळ आठवायचं. नुसती तारीख सांगितली तर जवळजवळ काहीच नाही. १९८६ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. यातून मला दोन गोष्टी दिसतात. तारीख मन सांभाळत नाही, म्हणून ती कागदानं सांभाळायची. आणि बाकीच्यासाठी एक शब्द पुरतो. पान भरून लिहावं लागत नाही, उघड लिहावं लागत नाही.

आणि हे आपल्याकडच्या बायका कधीपासून करतायत. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत बघा. दूध दीड लिटर, सिलिंडर लावला, कामवाली आली नाही, 'ताई', कोपऱ्यात एक बारीक फुली. रोजनिशीवाद्यांच्या हिशेबात हे लिखाण धरतच नाहीत, आणि एक जानेवारीला ते कॅलेंडर उतरवून त्याची वह्यांना कव्हरं घालतात. साताऱ्यातल्या आमच्या एका वहिनींनी ती कॅलेंडरं ठेवली होती. वर्षानुवर्षांच्या डोकेदुखीसाठी नव्या डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी विचारलं, 'कधीपासून? महिन्यातून किती वेळा?' या प्रश्नाला आपण सगळे 'बरेच दिवस झाले' असं उत्तर देतो. वहिनींनी पिशवीतून चार वर्षांची गुंडाळी काढली. फुली म्हणजे पाळी, ठिपका म्हणजे डोकं. डॉक्टर चौकटीमागून चौकट बघत गेले. ठिपके बहुतेक फुलीच्या आदल्या दोन दिवसांतले होते. औषध त्यावरून बदललं. भावजी शेजारीच बसले होते. त्या चौकटी त्यांनी दर महिन्याला वाचल्या होत्या, दुधाचे पैसे द्यायला.